गार कूलर

"हात लावून बघा, कसा गारेगार आहे," भर चढावर बॉनेट उघडून दाबके म्हणाले.

गिअरबॉक्सचं तेल तापू नये म्हणून त्यांनी हा कूलर तीन महिने अभ्यास करून निवडला होता, आपल्या फोर बाय फोर गाडीला स्वतःच बसवला होता आणि डोंगरवाटांवर गाड्या चालवणाऱ्या त्यांच्या क्लबात प्रत्येकाला त्याचं महत्त्व ऐकवलं होतं. आज मात्र त्यांच्याच गाडीत गिअरबॉक्स तापल्याचा लाल दिवा लागला आणि मागच्या क्लबच्या अकरा गाड्या खोळंबल्या.

क्लबात नव्याने आलेल्या दंतवैद्य मुजावरबाईंनी कूलरला हात लावला. "सर, तापलेलं तेल यातूनच फिरतं ना? मग हा गार कसा?"

दाबकेंनी वाकून नळ्या पाहिल्या. तेल कूलरकडे वळवणारा व्हॉल्व्ह त्यांनी उलटा बसवला होता. इतके दिवस कूलरमध्ये तेल पोहोचलंच नव्हतं, आणि रोज त्याच्या गार अंगावर हात फिरवून ते स्वतःवर खूश होत होते.

ते मागच्या गाड्यांपाशी गेले.

"मंडळी, अर्धा तास थांबावं लागेल. कूलर उत्तम आहे. बसवणारा तेवढा गाढव निघाला."