झोळीची दोरी

लेकरू रडायला लागलं की आई देवालाही बसू देत नाही. मार्सेलिनाने सकाळपासून गावातले सगळे संत आळवले, पण तान्ही रुफिना काही केल्या निजेना.

मेक्सिकोतल्या युकातानात पूर्वी घरातलं माणूस गेलं की घराच्या जमिनीखालीच पुरत. सकाळी उत्खननवाल्यांनी मार्सेलिनाच्या स्वयंपाकघरात, रुफिनाच्या झोळीच्या अगदी खाली खणून अशाच एका बाईची हजारेक वर्षांपूर्वीची हाडं काढली. "सगळ्यांचे हात छातीवर असतात, हिचाच एक वर उचललेला कसा?" खणणारा आन्सेल्मो पुटपुटला होता. आता हाडांची पेटी पडवीत शहराच्या गाडीची वाट बघत होती.

"आई, रोजच्यासारखा झोका द्या ना! तुमच्या हातानं लगेच झोपते ती," मार्सेलिना सासूला म्हणाली.

भाकऱ्या थापणारी सासू फिसकन हसली. "माझ्या? माझे हात सदा मक्याच्या पिठात, बये! मला वाटायचं, दोरी तू पायाच्या अंगठ्याला बांधतेस."

"मी तर अंगणात धुणं धूत असते."

दोघींची नजर पडवीतल्या पेटीकडे गेली. मग मार्सेलिनाने झोळी सोडली आणि पडवीत, पेटीच्या वर नेऊन बांधली. कुणी हात लावला नाही, तरी दोरी ताणली गेली आणि झोळी संथ हलू लागली. रुफिनाचं रडणं विरत गेलं.

तेवढ्यात आन्सेल्मो पेटी उचलायला आला. सासू हात आडवे करून उभी राहिली.

"हळू बोल. गाडी रिकामी पाठव, आमच्या आजेसासूबाई कामात आहेत."