पुन्हा करून बघू

"आई, गॅस बुक करायला इतका वेळ? आण इकडे," म्हणत मृदुलानं फोन घेतला.

एजन्सीचं हे अ‍ॅप बाबांनीच बनवलेलं. त्यातलं प्रत्येक वाक्य ते आधी स्वयंपाकघरात आईला ऐकवायचे. 'इनव्हॅलिड एन्ट्री' ऐकून ती वैतागली होती, "अहो, माणसासारखं बोला की!" मग ते काढून त्यांनी स्वतःच्याच आवाजात साधं वाक्य भरलं.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

घाईत मृदुलाचा आकडा चुकला.

"काही बिघडलं नाही हं," फोनमधून बाबा म्हणाले. "सावकाश. पुन्हा करून बघू."

आईनं कणकेचा हात पदराला पुसला.

"बरोबर नंबर टाकला की ते बोलतच नाहीत गं."

मृदुलानं पुन्हा चुकीचा आकडा दाबला.