काचेची निळाई

"आणखी बारीक वाट, सूनबाई. डोळ्यात घातली तरी खुपू नये अशी."

आयुष्यभर नीळ वापरलेल्या चिताऱ्या सासऱ्यांचा तो सल्ला. न विटणाऱ्या रंगासाठी भागूने निळी काच पाट्यावर पिठासारखी वाटली, आणि उरली नुसती राखाडी भुकटी. निळाई कुठे गेली, दोघांनाही कळेना. देवळाच्या लाकडी फळीवर कृष्ण अजून पांढराच होता. गोकुळाष्टमी उद्यावर आली होती. काचेचा एकच खडा शिल्लक होता.

"राहू दे. नीळच लावतो," सासरे म्हणाले. "दोन वर्षांत विटेल. पुन्हा रंगवायला माझा हात कुठला चालायला?"

"मामंजी, तो खडा द्या इकडे. वाटायचाच नाही, नुसता भरडायचा. मगाशी भरड होती तोवर कशी गर्द दिसत होती."

"भरड कुंचल्याने लागते होय, वेडे?"

"कुंचला हवाय कुणाला? रोज सकाळी उंबऱ्यापुढे मी काय कुंचला घेऊन बसते?"

तिने फळी आडवी केली, कृष्णाच्या अंगावर चिकट रोगण फिरवलं आणि ओठांत ओवी घोळवत रांगोळीसारखी चिमटीने भरड पेरत गेली. मग फळी उभी करून हलकेच ठोकली. सुटे कण झरझर खाली आले. उरला तो कृष्ण डोहासारखा निळा होता, आणि उन्हात कणाकणाने चमकत होता.

सासरे फळीजवळ वाकले. मग त्यांनी खाली सांडलेले कण तळहातावर गोळा करून तिच्यापुढे धरले.

"मोरपिसाचा डोळा राहिलाय," ते म्हणाले. "तोही तूच भर."