शेवटचा पत्रा

तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचा एव्हारिस्त, आणि ते कागदावर छापायची त्याची बायको ओदील. पत्र्याला काळी शाई फासायची, मग तळहाताने पुसून काढायची. पुसलं तिथे उजेड, राहिली तिथे सावली.

एव्हारिस्तला पुरून आल्यावर तिने त्याचा शेवटचा पत्रा छापला. चित्रांचे दुकानदार मस्ये पेर्शो तो कागद घेऊन खिडकीपाशी गेले.

"काय अंधार आहे हो, मादाम! जन्मभर गोड गोड चित्रं काढली ह्या माणसाने. शेवटी मात्र त्याला मरण दिसलं होतं बघा."

"आमचं स्वयंपाकघर आहे ते," ओदील म्हणाली. "सकाळचं. खिडकीतून ऊन आलंय, टेबलावर पाव आहे."

"कुठाय ऊन?"

"शाईखाली. मी पुसलंच नाही. हातच चालेना."

पेर्शोंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"मग आता पुसूही नका. सगळ्या प्रती अशाच काढा. सध्या पॅरिसला असाच अंधार हवाय. ऊन कोण विकत घेतंय?"

ओदीलने मान डोलावली. आठवडाभर जो तो तिला सांगत होता, जेव, झोप, एकदाची रडून मोकळी हो. त्यातलं काहीच तिला जमलं नव्हतं.

हे जमण्यासारखं होतं.