पाचवी पायरी

भिंतीवर चिकटवलेला कागद आप्पासाहेबांनी दोनदा वाचला आणि स्टूल ओढून ते संगणकासमोर बसले. म्हणाले, या सहा पायऱ्या मला नीट समजावून सांग.

झीशानचं काम तुंबलं होतं. लग्नसराईत औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओवाल्याला पाणी प्यायला फुरसत नसते. पण आप्पासाहेबांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, प्रेरणाच्या लग्नाचे फोटो त्यानं काढले होते. स्थळ चांगलं होतं. प्रेरणानं आधी थोडी कुरकुर केली म्हणे, पण कोणती मुलगी करत नाही? सकाळी खोलीत नवरीचे एकटीचे फोटो झाले, कॅमेऱ्याचं कार्ड भरलं, त्यानं ते बॅगेच्या कप्प्यात टाकलं. दुपारी आप्पासाहेबांनी त्याला हाताला धरून पंगतीला बसवलं, त्याची बॅग सांभाळली, आग्रह करून जिलेबी वाढली. संध्याकाळी पाहतो तर कप्प्यात कार्ड नाही. आप्पासाहेब त्याच्याबरोबर मांडवातल्या खुर्च्या उलट्या करत फिरले. एका शब्दानं बोलले नाहीत. फोटो काय, पुन्हा काढू, म्हणाले.

ते राहूनच गेलं. गेल्या दिवाळीनंतर प्रेरणा सासरी विहिरीत पडून गेली. पाय घसरला, असं तिकडच्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

रत्नमालाबाईंनी लेकीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये आणि झीशानच्या बाकीच्या कार्डांवर नवरी होती, पण लांबून, मुंडावळ्यांच्या आड, मान खाली घातलेली. त्या दिवशी तिचा चेहरा जवळून पाहिलेलं कार्ड ते एकच होतं. दहाव्याला झीशान गेला तेव्हा त्या माउलीनं त्याला एवढंच विचारलं, "एखादा तरी सापडंल का रे?" तेव्हापासून त्याला घास गोड लागला नव्हता. गेलेल्या मुलीचा चेहरा आपण तिच्या आईकडून हिरावून घेतला, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

भिंतीवरचा कागद त्या चुकीतूनच आला होता. पूर्वी त्याच्या कार्डांची ओळख म्हणजे त्याच्या बायकोच्या, कहकशाच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. तेवढ्यावर भागायचं. आता प्रत्येक कार्डाला नंबर होता आणि नंबराची डबी होती. ती पहिली पायरी. मग संगणकावर एक प्रत आणि बाहेरच्या डिस्कवर दुसरी, दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. मग निवड. हजारातले दीडशे ठेवायचे, बाकीच्यांचा मोह सोडायचा.

आप्पासाहेब मान डोलवत होते. कागदावर लिहिलेले हे कच्चे फोटो म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं.

झीशाननं छावणीतल्या एका साखरपुड्याचा फोटो उघडला. फिका, मळकट, उजेड कमी.

"मोबाइल आपल्या मर्जीनं माणसाला गोरं करतो, आप्पा. ह्यात तसं नाय. कॅमेऱ्याला दिसलं ते समदं ह्यात ऱ्हातं. आपल्याला दिसत नाय ते पण."

त्यानं उजेड वाढवला. कोपऱ्यातल्या अंधारातून एक म्हातारी हळूहळू वर आली. डोळे पुसत होती. आप्पासाहेब तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. ही चौथी पायरी, उजेड आणि रंग, झीशाननं सांगितलं.

पाचवीपुढे नुसतं "डाग" असं लिहिलं होतं. झीशाननं नवरीच्या हनुवटीवर दोनदा टिचकी मारली, मुरूम गेला. खरचटलेलं, भाजलेलं, रडून सुजलेलं, सगळं असंच दोन मिनिटांत जातं, तो म्हणाला.

"विचारतो का कुणाला, काढू का म्हणून?"

कुणाला विचारायचं, लोकांना ते हवंच असतं, असं झीशान सांगत गेला आणि बोलण्याच्या भरात बोलून गेला, "प्रेरणाताईंचा पण गाल सुजला होता त्या दिवशी. दाढ दुखती म्हणल्या. मी म्हणलं, काळजी नका करू, काढून टाकतो."

मग त्यानं जीभ चावली.

"तुला दिसलं होतं तर," आप्पासाहेब म्हणाले.

झीशानला राहवलं नाही. त्यानं माउस बाजूला सारला आणि त्यांचे गुडघे धरले. "आप्पा, दोन वर्षं झाली, तुम्ही मला एक शिवी दिली नाय. आज द्या. कार्ड माझ्या हातनं हरवलं. अम्मीची शपथ, मला लई जड जातंय."

आप्पासाहेबांनी त्याचे हात सोडवले. सहावी पायरी काय, असं विचारलं. प्रिंट, तो कसाबसा म्हणाला. केवढी निघते? म्हणाल तेवढी.

"मोठी काढ. तिच्या आईला लांबचं दिसत नाय."

झीशानला काही कळेना. आप्पासाहेबांनी आतल्या खिशाचं बटण काढलं. प्लास्टिकच्या पिशवीची घडी, तिच्यात कागदाची घडी. ती त्यांनी बोटांनी हळूहळू उलगडली. त्यांनी कीबोर्डशेजारी एक कार्ड ठेवलं. त्यावर नंबर नव्हता. एक लाल ठिपका होता, कडेनं थोडा उडालेला.

झीशान ठिपक्याकडे पाहत राहिला, मग त्यांच्याकडे.

"समदं तुझ्या पद्धतीनं कर," आप्पासाहेब म्हणाले. "पाचवी पायरी तेवढी करू नको. गालावर उठलेली बोटं तशीच राहू दे. ती माझी हायेत."