मामाने निवडलेले शाफ्ट

कुशलने आपल्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं ठरवलं, तेव्हा मलकापूरला गॅरेज चालवणाऱ्या उद्धवमामाला ते मुळीच पटलं नाही. बहीण प्रतिमाने त्याला हात जोडून सांगितलं होतं, "दादा, काहीही करजो, पण त्या गाडीपायी माह्या पोराचं बरंवाईट होऊ देऊ नको."

"मामा, गिअरबॉक्स आन् शाफ्ट दणकट पाहिजे. इंजिनाचा सगळा जोर चाकापर्यंत गेला पाहिजे," कुशल बजावून गेला.

नाही म्हटलं असतं, तर तो दुसऱ्या गॅरेजात गेला असता. म्हणून मामाने गिअरबॉक्स दणकट निवडला. पण चाकं फिरवणारे दोन्ही शाफ्ट जुने, बारीकच ठेवले आणि नवे दिसावेत म्हणून वरून काळा रंग मारला. पहिल्यांदा जोरात रेस दिली की ते तुटतील, गाडी जागीच बसेल आणि पोरगा पायी घरी येईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोन आला. "मामा, शाफ्ट तुटला! गाडी जागची हलून नाही राह्यली."

मामाने डोळे मिटून देवाचे आभार मानले. "तुटू दे बेटा. कुठी हायेस तू?"



"रेल्वे फाटकात. फाटक पडून राह्यलं होतं म्हणून एकदम रेस देली, तं गाडी रुळावरच बसली. ढकलून पाहतो," कुशल म्हणाला, आणि त्याच्या आवाजामागून आगगाडीचा भोंगा वाजला.