पुसण्याआधीची दहा मिनिटं

"एक फोटो काढून द्या. बाकी सगळं पुसा, माझं काही म्हणणं नाही," लिफ्टवाली म्हणाली. तिने फोन टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीचे चारशे बारा फोन होते आणि त्या सगळ्यांची राखण काकांकडे होती. कोणी फोन टॅक्सीत विसरला, की इथे बसून त्याला कुलूप घालायचं. कोणी नोकरी सोडली, की फोन जमा करून घ्यायचा, आत कंपनीचं काही राहिलंय का ते तपासायचं, तपासणीचा कागद छापून सही करायची आणि फोन कोरा करायचा. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. माणसं निरोप घ्यायला साहेबांकडे जात आणि रडायला काकांकडे येत.

"ताई, कंपनीच्या फोनात घरचं काही ठेवणार नाही, असं फोन घेतानाच लिहून दिलंय तुम्ही," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. हे वाक्य इतक्यांदा बोलून झालं होतं की त्यातला राग केव्हाच झिजून गेला होता.

"मान्य आहे. पण फोटोच्या दिवशी माझा स्वतःचा फोन बंद पडला होता. आई खिडकीत बसलेली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि कशावर तरी हसत होती. जन्मात कधी फोटो काढू दिला नाही तिने. हातात हा होता, म्हणून याच्यावर काढला." तिने फोन जरा जवळ ओढला. "दोन महिने झाले तिला जाऊन. दुसरा एकही फोटो नाही. बाहेर पाठवून बघितला, तर जात नाही."

"जाणारच नाही. ते कुलूप मीच घातलंय."

"ठाऊक आहे. ड्रायव्हरच्या पोरीचा शर्यतीतला फोटोही असाच पुसला गेला म्हणे."

काकांनी चष्मा परत नाकावर ओढला.

तेवढ्यात भांडारवाला लेबलं न्यायला आला. कंपनीत रंगीत प्रिंटर फक्त काकांच्या खोलीत होता, त्यामुळे दिवसातून एकदा तरी त्याची फेरी व्हायचीच.

"काय काका, मामांचा गुडघा काय म्हणतो?"

"कुरकुरतोय. वयच झालं त्यांचं."

"आणि ही जोडगोळी?" त्याने टेबलावरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. लाल स्वेटर घातलेली दोन पोरं सी-सॉवर बसली होती.

"धाकटा भलताच वांड आहे."

"यांचा गोतावळा म्हणजे अख्खं गाव आहे," भांडारवाला लिफ्टवालीला म्हणाला. "कुठलाही विषय काढा, यांचा एक नातेवाईक निघतोच." लेबलं घेऊन तो गेला.

"आई आहे तुम्हाला?" लिफ्टवालीने विचारलं.

"सगळे आहेत. आई तेवढी नाही."

"मग तुम्हाला कळेल."

"कळतं," काका म्हणाले. ते खरंच होतं.

त्यांनी तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला. साहेबांचं उत्तर तिलाही ऐकू आलं. एकाला दिला की उद्या रांग लागेल, नियम तो नियम.

काकांनी फोन खाली ठेवला. "दहा मिनिटं बाहेर बसा. तपासणी दार लावून करावी लागते. बघतो काय होतंय."

ती बाकावर बसली. वीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून गुडघे गेले होते, म्हणून नोकरी सोडावी लागत होती. त्याचं तिला फारसं वाटत नव्हतं. त्या एका फोटोवर सगळा जीव अडकला होता. आत प्रिंटर घरघरला, थांबला आणि परत एकदा घरघरला.

दार उघडलं. काकांनी सही केलेला कागद पुढे केला.

"कोरा झाला, ताई. नाही जमलं."

टेबलावर तिचा फोन नव्या फोनासारखा विचारत होता, कुठली भाषा हवी. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग डोळ्यांतून पाणी आलं. काकांनी पेला पुढे केला, तोही तिने नुसता धरून ठेवला.

"तुमचा काय दोष, काका," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही हुकमाचे ताबेदार."

काकांना तिच्या डोळ्यांकडे बघवेना. त्यांना वाईट वाटलं. दर वेळी वाटायचं.

साडेसहाला त्यांनी खोली बंद केली, डब्याची पिशवी उचलली आणि बस धरली. बसायला जागा मिळाली नाही. तीन मजले चढताना दोनदा टेकले. आत आल्यावर दिवा लावला आणि एका माणसापुरता भात गॅसवर चढवला.

समोरची भिंत भरलेली होती. गुडघ्याला पट्टा बांधून आरामखुर्चीत बसलेले मामा. सी-सॉवरची तीच दोन भाचरं, इथे पोहायला शिकताना. शर्यतीची फीत छातीने तोडणारी भाची. मधोमध एका चौकटीएवढी जागा काकांनी कितीतरी वर्षं रिकामी ठेवली होती. खिळा मात्र ठोकून तयार होता.

त्यांनी हात धुऊन पुसले. पिशवीतून डबा काढला, डब्याखालचं पाकीट काढलं, आतला कागद चौकटीत नीट बसवला आणि चौकट खिळ्यावर टांगली. जरा डावीकडे कलली होती, ती सरळ केली.

"आई, आज यायला उशीर झाला गं," काका म्हणाले, आणि चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली ती बाई खिडकीत बसून त्यांच्याकडे बघत हसत राहिली.